सिंगल माल्ट व्हिस्की, अमेरिकन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केवळ मोड आणलेल्या सातूपासून म्हणजेच बार्लीपासून तयार केलेली, एकाच कारखान्यात ऊर्ध्वपातन केलेली आणि ओक लाकडाच्या पिंपांत मुरविलेली व्हिस्की. अमेरिकेच्या संघीय नियमांत तिला स्वतंत्र प्रकार म्हणून १९ जानेवारी २०२५ पासून स्थान मिळाले. प्रत्यक्ष निर्मिती मात्र त्यापूर्वी सु. तीस वर्षे चालू होती. या व्हिस्कीपैकी घनफळाने ५० टक्के वा त्याहून अधिक अल्कोहॉल असलेली, म्हणजे अमेरिकन मोजणीनुसार १०० वा त्याहून अधिक प्रूफाची व्हिस्की व्यवहारात उच्च प्रूफाची समजली जाते. ‘उच्च प्रूफ’ या संज्ञेची कायद्यात व्याख्या नाही. तथापि बाटलीवरील प्रूफाचा आकडा हा या मद्याच्या इतिहासाचा महत्त्वाचा धागा आहे. हा आकडा मूळचा करवसुलीसाठी योजलेला. पुढे तो भेसळीविरुद्धच्या हमीचा भाग बनला आणि अलीकडे तो गुणवत्तेची खूण मानला जाऊ लागला. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्या आकड्यावरून ग्राहकाला नेमके काय कळते, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

प्रूफ : मद्यातील एथिल अल्कोहॉलाचे प्रमाण दर्शविणारे हे माप ब्रिटनमध्ये उदयास आले. मद्यात भिजविलेली बंदुकीची दारू पेट घेते की नाही यावरून त्याची तीव्रता पूर्वी ठरवीत, असे परंपरेने सांगितले जाते. ही परीक्षा अर्थातच ढोबळ होती. पुढे हायड्रोमीटर हे द्रवाची घनता मोजणारे उपकरण प्रचारात आले आणि ५१° फॅ. तापमानास ज्या मद्याचे वजन तितक्याच घनफळाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या वजनाच्या १२/१३ भरते ते प्रमाण प्रूफाचे मद्य, अशी व्याख्या ब्रिटनमध्ये रूढ झाली. त्यात घनफळाने सु. ५७.१५ टक्के अल्कोहॉल असते. अमेरिकेने याहून सोपी पद्धत स्वीकारली. तेथे ६०° फॅ. (सु. १५.६° से.) तापमानास असलेल्या अल्कोहॉलाच्या टक्केवारीची दुप्पट म्हणजे प्रूफ होय. ५० टक्के अल्कोहॉलाचे मद्य म्हणजे १०० प्रूफ आणि ६० टक्के अल्कोहॉलाचे म्हणजे १२० प्रूफ.

या दोन मापांत गल्लत होण्याचा संभव असतो. ग्लेनफार्क्लास या स्कॉच व्हिस्कीच्या एका प्रकाराच्या नावातील १०५ हा आकडा ब्रिटिश प्रूफाचा आहे; तिच्यातील अल्कोहॉल ६० टक्के म्हणजे अमेरिकन मोजणीने १२० प्रूफ भरते. भारतातही ब्रिटिश पद्धतच आली. येथील व्हिस्कीच्या बाटल्यांवर आढळणारे ४२.८ टक्के हे वरवर विचित्र वाटणारे प्रमाण म्हणजे ब्रिटिश ७५ अंश प्रूफ होय. ब्रिटनने १९८० मध्ये हे माप सोडून टक्केवारी स्वीकारली. अमेरिकेत बाटलीवर टक्केवारी देणे बंधनकारक असून जोडीला प्रूफ देण्याची मुभा आहे.

पूर्वपीठिका : अठराव्या शतकात स्कॉटलंड व आयर्लंडमधून आलेल्या वसाहतकारांनी व्हिस्की गाळण्याची कला अमेरिकेत आणली. तथापि धान्य मात्र तेथील जमिनीत सहज पिकणारे, म्हणजे पेनसिल्व्हेनियात राय व केंटकीत मका, असे वापरले गेले. सातूला दुय्यम स्थान मिळाले. मोड आलेल्या सातूतील एंझाइमे धान्यातील स्टार्चाचे शर्करेत रूपांतर करतात आणि या शर्करेचेच पुढे यीस्टमुळे अल्कोहॉल बनते [⟶ किण्वन]. एवढ्या कार्यासाठी थोडे माल्ट पुरेसे असते. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मौंट व्हर्नन येथील मळ्यावर जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सूचनेवरून १७९७ मध्ये व्हिस्कीचे उत्पादन सुरू झाले. तेथील मिश्रणात ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि केवळ ५ टक्के माल्ट असे. १७९९ मध्ये तेथे सु. ११,००० गॅलन व्हिस्की तयार झाली. स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखालीही माल्ट व्हिस्की निघाली नाही, यावरून स्थानिक पिकांचा प्रभाव ध्यानात येतो. निव्वळ माल्टची व्हिस्की अमेरिकेत रुजण्यास त्यानंतर सु. दोन शतके जावी लागली.

कर आणि प्रूफ : स्वातंत्र्ययुद्धातील कर्ज फेडण्यासाठी संघीय शासनाने १७९१ मध्ये देशी मद्यावर कर बसविला. तो मद्याच्या तीव्रतेनुसार चढत्या दराने, गॅलनला ९ पासून २५ सेंटपर्यंत, आकारला जाई. प्रूफ मोजणारा सरकारी अधिकारी भट्टीच्या दारात उभा राहिला तो या कायद्यामुळे. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांना धान्य डोंगरापलीकडील बाजारात नेण्यापेक्षा त्याची व्हिस्की करून नेणे परवडत असे. साहजिकच त्यांनी या कराला कडवा विरोध केला. १७९४ मध्ये या विरोधाने उठावाचे रूप घेतले व तो शमविण्यासाठी अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सु. १३,००० शिबंदी सैन्य पाठविले. हा कर १८०२ मध्ये रद्द झाला.

यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये मद्यकर पुन्हा लागू करण्यात आला. प्रारंभी प्रूफ गॅलनला २० सेंट असलेला दर १८६५ पर्यंत २ डॉलरवर गेला. त्यामुळे चोरटे उत्पादन इतके वाढले, की १८६८ मध्ये दर ५० सेंटपर्यंत खाली आणावा लागला. प्रूफ गॅलन म्हणजे १०० प्रूफाचा एक अमेरिकन गॅलन (सु. ३.७९ लि.) होय. करआकारणीचे हे एकक अद्यापही चालू आहे. १९९१ पासून सर्वसाधारण दर प्रूफ गॅलनला १३.५० डॉलर असा आहे. या दराने ७५० मिलि. बाटलीवर ४० टक्के अल्कोहॉल असल्यास सु. २.१४ डॉलर, तर ६० टक्के असल्यास सु. ३.२१ डॉलर कर पडतो. पाणी घालून तीव्रता कमी करण्यामागे चवीइतकाच हिशेबही असतो. उदा., पिंपात ६० टक्के अल्कोहॉलाची १५० लि. व्हिस्की असल्यास तिच्या २०० बाटल्या होतात. तीच ४० टक्क्यांवर आणली, तर सु. ३०० बाटल्या भरतात.

हमी आणि प्रूफ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बरीचशी व्हिस्की ठोक व्यापारी मिश्रण करून विकीत. शुद्ध अल्कोहॉलात रंग, फळांचा अर्क व अन्य स्वादद्रव्ये मिसळून तिला जुन्या व्हिस्कीचे रूप देण्यात येई. खरी व्हिस्की मुरविणाऱ्यांचे यात नुकसान होई आणि ग्राहकाला तर काहीच कळण्याची सोय नव्हती. केंटकीतील उत्पादक एडमंड हेन्स टेलर व अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा संमत झाला. त्यानुसार व्हिस्की एकाच उत्पादकाने एकाच हंगामात तयार केलेली, शासकीय देखरेखीखालील वखारीत किमान चार वर्षे मुरविलेली आणि नेमक्या १०० प्रूफाची असावी लागे. तीव्रता कमी करण्यासाठी घालण्याच्या शुद्ध पाण्याखेरीज तीत काहीही मिसळण्यास मनाई होती. अशा बाटल्यांवर शासकीय मुद्रापट्टी लावली जाई. महसुलासाठी नेमलेला अधिकारी अशा रीतीने ग्राहकाचाही राखणदार बनला आणि १०० प्रूफ हा आकडा सचोटीशी जोडला गेला.

‘व्हिस्की’ म्हणजे काय, हा वाद १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतरही धुमसत राहिला. अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी डिसेंबर १९०९ मध्ये त्यावर निर्णय दिला. धान्यापासूनच्या शुद्ध अल्कोहॉलाचे मिश्रण असलेल्या मद्यास व्हिस्की म्हणता येईल. मात्र ते मिश्रण असल्याचे वेष्टनावर स्पष्ट नमूद केले पाहिजे, असा त्याचा आशय होता. वस्तूवर सरसकट बंदी न घालता तिचे नाव खरे ठेवावयाचे, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. सिंगल माल्टसंबंधीचा पुढील वादही या तत्त्वाभोवतीच फिरला.

मद्यनिषेधानंतर : १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकेत मद्यनिषेध होता. या काळात असंख्य कारखाने बंद पडले आणि मुरलेल्या मद्याचे साठे संपले. त्यानंतर १९३५ च्या संघीय मद्य प्रशासन कायद्यान्वये व्हिस्कीच्या प्रकारांच्या व्याख्या ठरविण्यात आल्या. त्यांत ‘माल्ट व्हिस्की’ हा प्रकार होता. परंतु तीत माल्ट केवळ ५१ टक्के असले तरी चालत असे आणि ती आतून जाळून कोळसावलेल्या नव्या ओक पिंपांतच मुरवावी लागे. ही अट बर्बनसाठी योग्य असली, तरी नव्या जळक्या लाकडाचा तीव्र स्वाद माल्टच्या सौम्य स्वादावर सहज मात करतो. स्कॉटलंडात म्हणूनच बर्बन वा शेरी यांची वापरलेली पिंपे घेतली जातात. अमेरिकेत तशी पिंपे वापरल्यास मद्याला माल्ट व्हिस्की म्हणता येत नसे. त्यावर ‘माल्टच्या मॅशपासून ऊर्ध्वपातित व्हिस्की’ असे लांबलचक वर्णन छापावे लागे. पिंपात भरतानाच्या कमाल प्रूफाची मर्यादा ११० होती; ती १९६२ मध्ये १२५ करण्यात आली. तेवढ्याच पिंपांत अधिक मद्यार्क साठविता येऊ लागल्याने उत्पादकांचा खर्च वाचला.

यानंतरच्या काळात लोकांची आवड हलक्या मद्यांकडे व व्होडकाकडे वळली. तिला अनुसरून ‘लाइट व्हिस्की’ हा नवा प्रकार १९६८ मध्ये मान्य करण्यात येऊन १९७२ मध्ये अंमलात आला. पण तो फारसा रुजला नाही. उलट दिशेचा प्रवाहही याच सुमारास दिसू लागला. पिंपातील मद्य पाणी न घालता बाटलीत भरण्याची प्रथा वाढू लागल्यावर १९७९ मध्ये ‘बॅरल प्रूफ’ या शब्दप्रयोगाचा अर्थ निश्चित करण्यात आला. बाटलीतील प्रूफ हे करनिर्धारणाच्या वेळच्या प्रूफापेक्षा दोन अंशांहून अधिक कमी नसेल, तरच हे शब्द वापरता येतात.

उदय : स्कॉटलंडातील ग्लेनफिडिक या कारखान्याने १९६३ पासून आपली सिंगल माल्ट परदेशांत नेटाने विकण्यास प्रारंभ केला आणि अमेरिकन ग्राहकाला या प्रकाराची ओळख झाली. अमेरिकेतील निर्मितीचा प्रारंभ मात्र फळांची ब्रँडी करणाऱ्या छोट्या कारखान्यांतून झाला. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्टीव्ह मॅकार्थी यांनी १९८५ मध्ये क्लिअर क्रीक हा कारखाना काढला होता. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी स्कॉटलंडहून पीटच्या धुरावर वाळविलेले माल्ट मागवून व्हिस्की तयार केली. माल्टचे आंबवण पोर्टलंडमधीलच एका बिअरच्या कारखान्यातून घेतले जाई व मुरविण्यासाठी ऑरेगनमधील ओक लाकडाची पिंपेही वापरली जात. कॅलिफोर्नियातील सेंट जॉर्ज स्पिरिट्स या १९८२ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याने आपली सिंगल माल्ट २००० मध्ये बाजारात आणली. कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे स्ट्रॅनाहॅन्स (२००४), टेक्सस राज्यातील वेको येथे बॅलकोनीस (२००८) आणि सिॲटल येथे वेस्टलँड (२०१०) हे कारखाने त्यानंतर सुरू झाले. बिअरच्या छोट्या कारखान्यांची जी लाट देशभर आली होती, तिचा या व्यवसायाला मोठा आधार मिळाला. माल्टची पारख असलेले कारागीर तीतूनच तयार झाले.

या उत्पादकांनी स्थानिक सामग्रीवर भर दिला. वेस्टलँडने वायव्य किनाऱ्यावरील गॅरी ओकची पिंपे वापरली. ॲरिझोनातील टूसॉन येथे माल्ट वाळविण्यासाठी मेस्कीट या वाळवंटी झाडाच्या लाकडाचा धूर उपयोगात आणला गेला. हे झाड आपल्याकडील वेड्या बाभळीच्या जवळच्या नात्यातील आहे.

हवामान, पिंप व प्रूफ : ओकच्या फळ्यांतून पाणी व अल्कोहॉल या दोहोंचे सतत बाष्पीभवन होत असते. या घटीस व्यावसायिक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड व दमट हवेत ही घट वर्षाला सु. २ टक्के असून तीत अल्कोहॉलाचा वाटा अधिक पडतो. त्यामुळे पिंपातील मद्याचे प्रूफ वर्षागणिक उतरते. हवा उष्ण व कोरडी असल्यास याउलट पाणी लवकर उडून जाते आणि प्रूफ चढते. टेक्ससचा कडक उन्हाळा अथवा समुद्रसपाटीपासून सु. १,६०० मी. उंचीवरील डेन्व्हरची कोरडी हवा या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तेथे भरताना १२५ प्रूफ असलेले मद्य काही वर्षांनी त्याहून तीव्र झालेले आढळते. उच्च प्रूफ हे अशा ठिकाणी स्थानिक हवामानाचेच फलित असते. बॅलकोनीसची टेक्सस सिंगल माल्ट ५३ टक्के म्हणजे १०६ प्रूफाला भरली जाऊ लागली, ती या पार्श्वभूमीवर.

उष्ण हवामानात मद्य लाकडातून रंग व स्वाद झपाट्याने घेते. परंतु घटही तितकीच वेगाने होते. दीर्घकाळ मुरविल्यास पिंपात फारसे काही उरत नाही व लाकडाचा कडवटपणा वाढतो. हीच अडचण भारतीय उत्पादकांनाही येते. गोव्यात मुरविली जाणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट २०१२ मध्ये बाजारात आली. तेथे हवा दमट असली तरी उष्णतेमुळे घट स्कॉटलंडच्या कित्येक पट होते. ही व्हिस्की करणाऱ्या जॉन डिस्टिलरीज या कंपनीत सॅझरॅक या अमेरिकन मद्य कंपनीने २०१७ मध्ये भागभांडवल घेतले.

प्रूफाचा स्वादाशीही संबंध असतो. मद्यातील मेदाम्लांची काही एस्टरे अल्कोहॉलात विरघळतात; पण प्रमाण सु. ४६ टक्क्यांखाली गेल्यावर थंडीत ती बाहेर पडून मद्य गढूळ दिसते. गढूळपणा टाळण्यासाठी मद्य थंड करून गाळले, तर त्याबरोबर काही स्वादघटकही निघून जातात. उच्च प्रूफाच्या मद्याला असे गाळण्याची गरज सहसा भासत नाही. मात्र तीव्र अल्कोहॉलामुळे जीभ बधिर होत असल्याने परीक्षकही अशा मद्यात थोडे पाणी घालूनच त्याची चव पाहतात.

कायदेशीर मान्यता : व्याख्येच्या अभावी ‘सिंगल माल्ट’ हे शब्द अमेरिकेत कोणालाही जवळजवळ हव्या त्या अर्थाने वापरता येत होते. त्यामुळे २०१६ मध्ये नऊ उत्पादकांनी एकत्र येऊन अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्की कमिशन ही संघटना स्थापन केली आणि व्याख्येचा मसुदा तयार केला. संघीय मद्य व तंबाखू कर व व्यापार कार्यालयाने जुलै २०२२ मध्ये नियमांचा प्रस्ताव मांडला व १८ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध केला. लाइट व्हिस्कीनंतर बावन्न वर्षांनी अमेरिकन व्हिस्कीच्या प्रकारांत पडलेली ही पहिली भर होय. या नियमानुसार मद्य १०० टक्के माल्ट केलेल्या सातूचे असावे. मॅश करणे, ऊर्ध्वपातन व मुरविणे या क्रिया अमेरिकेतच व्हाव्यात. संपूर्ण ऊर्ध्वपातन एकाच कारखान्यात १६० वा त्याहून कमी प्रूफाला व्हावे. ओकची पिंपे ७०० लि. पेक्षा मोठी नसावीत आणि बाटलीतील मद्य किमान ८० प्रूफाचे असावे. पिंपे नवी वा वापरलेली, जाळलेली वा न जाळलेली, कोणतीही चालतात. कॅरमेलचा रंग घातल्यास तसा उल्लेख करावा लागतो. जुन्या वेष्टनांच्या बदलासाठी १९ जानेवारी २०३० पर्यंत मुदत आहे.

दरम्यान या व्यवसायात मोठे भांडवलही उतरले. रेमी क्वांत्रो या फ्रेंच कंपनीने वेस्टलँड, तर दिआजिओ या ब्रिटिश कंपनीने २०२२ मध्ये बॅलकोनीस विकत घेतली. जॅक डॅनिएल्स, जिम बीम या जुन्या कारखान्यांनीही आपापल्या सिंगल माल्ट काढल्या. छोट्या उत्पादकांनी मिळविलेल्या नावाचा लाभ मोठ्यांनाही होणार, हे यात अपरिहार्य होते.

मूल्यमापन : प्रूफाच्या आकड्यावरून बाटलीत किती अल्कोहॉल आहे हे निश्चितपणे कळते. ‘बॅरल प्रूफ’ हे शब्द असल्यास पिंपानंतर जवळजवळ पाणी घातलेले नाही, एवढेही कळते. माल्टची प्रत, किण्वनातील काळजी, पिंपाची निवड व मुरण्याचा काळ यांविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. कच्चे मद्यही १२० प्रूफाचे असू शकते. अमेरिकन नियमांनुसार चार वर्षांहून कमी मुरलेल्या व्हिस्कीवर वय छापणे आवश्यक असते व ‘स्ट्रेट’ हा शब्द किमान दोन वर्षे मुरलेल्या मद्यालाच लावता येतो. जाणकार ग्राहक प्रूफाबरोबर या बाबीही पाहतो.

आरोग्याच्या दृष्टीनेही या आकड्याचे महत्त्व आहे. अमेरिकेत पेयाचे प्रमाण माप १४ ग्रॅ. अल्कोहॉल असे धरतात. हे प्रमाण ८० प्रूफाच्या सु. ४४ मिलि. मद्यात, तर १२० प्रूफाच्या केवळ सु. ३० मिलि. मद्यात भरते. ग्लासातील मद्य सारखेच दिसले, तरी शरीरात जाणारे अल्कोहॉल दीडपट असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यांना १९८८ मध्येच मानवी कर्करोगकारकांत गणले आहे. प्रूफ हे माप करवसुलीसाठी निघाले आणि पुढे भेसळीविरुद्ध उपयोगी पडले. पिणाऱ्याला सावध करणे हा त्याचा तिसरा उपयोग असून, उच्च प्रूफाच्या मद्याच्या वाढत्या प्रसारामुळे तो अधिक निकडीचा झाला आहे.